गटाराचा रिपोर्ट धरणसाठ्याच्या शेजारी छापा

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

2025 च्या जुलैमध्ये एक बातमी आली आणि नेहमीप्रमाणे चार दिवसांत विरून गेली. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधन बघणारी केंद्राची संस्था, म्हणे आता देशातल्या 50 शहरांमध्ये सांडपाणी तपासणार आणि 10 व्हायरसवर नजर ठेवणार, तोवर हे काम पाचच शहरांत चालू होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींत यावर दोनच प्रतिक्रिया आल्या, एक "शी, सकाळी सकाळी कसले विषय काढता" आणि दुसरी "चला, आता गटारातपण टेंडर". दोन्ही समजू शकतो. पण मी मुंबईत ड्रेनेजच्या कामात उभी नोकरी काढलीय, पंपिंग स्टेशनवर शिफ्टा केल्यात, रिटायर झाल्यावर मुलाकडे सिंहगड रोडला राहायला आलो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी नाकाखालचा आहे. पत्र लांब होणार, कापायचं तर मधलं कापा, मागणी तेवढी ठेवा.

पहिलं म्हणजे हे कोरोनात निघालेलं फॅड नाही. इंग्लंडमध्ये 1940 च्या दशकात मूर नावाचा एक बॅक्टेरिऑलॉजिस्ट होता, त्याने गॉजच्या पट्ट्या दोरीला बांधून गटाराच्या चेंबरमध्ये सोडून ठेवल्या, काही दिवसांनी काढून लॅबमध्ये तपासल्या आणि ज्या लाईनला जंतू सापडले त्या लाईनवर एकेक चेंबर मागे मागे जात पॅराटायफॉइड कुठून येतोय ते हुडकलं. बाहेरून ठणठणीत दिसणारी माणसं जंतू सोडत असतात आणि त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. त्या पट्टीला आजपण मूर स्वॅबच म्हणतात. फ्लडिंग झाल्यावर चोकअप शोधायला आम्हीपण असंच एकेक चेंबर उघडत मागे जायचो, त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला.

आणि आपल्या मुंबईत तर 2001 पासून पोलिओसाठी गटाराचं पाणी तपासलं जातंय. परळला हाफकिनच्या आवारात एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, डॉ. जगदीश देशपांडे तिथले प्रमुख होते, त्यांच्या टीमने हे काम उभं केलं. किती मुंबईकरांना माहितीय हे? पल्स पोलिओचे बूथ, बोटाला शाई, टीव्हीवरच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात, पण झोपडपट्टीच्या नाल्यावर वाकून बाटली भरणारा माणूस कोणाच्याच आठवणीत नाही.

हे सँपल कसं घेतात ते सांगतो. आमच्या पंपिंग स्टेशनवर पहाटे उजाडता उजाडता लॅबचा एक पोरगा यायचा, खांद्याला आइसबॉक्स, हातात दोरी बांधलेली बादली, हातमोजे मास्क. स्क्रीनच्या म्हणजे जाळीच्या अलीकडे, कचरा अडकायच्या आधी, बादली सोडायची, वरचा फेस बाजूला जाऊ द्यायचा, भरून वर घ्यायची, त्यातलं लिटरभर बाटलीत, झाकण घट्ट, बाटली बाहेरून पुसून घ्यायची, मार्करने तारीख वेळ जागा लिहायची की गेली बर्फात. आमचे खलाशी, म्हणजे स्टेशनवरचे कामगार, त्याची मस्करी करायचे, "साहेब, नेताच आहात तर टँकर लावा की". तो हसायचा पण घाईत असायचा, कारण बर्फ वितळायच्या आत परळ गाठायचं. वेळ सकाळचीच का, तर त्या वेळेला अख्खी वस्ती संडासला जाऊन येते आणि लाईनला मालच तो असतो, दुपारी घेतलं तर भांड्यांचं कपड्यांचं पाणीच जास्त. हे कुठल्याही पंप ऑपरेटरला न शिकवता माहीत असतं.

लॅबमध्ये ते पाणी दाट करून अर्क काढतात, क्लोरोफॉर्म टाकून बॅक्टेरिया मारतात आणि मग तो अर्क काचेतल्या पेशींवर टाकतात. या पेशी असतात उंदराच्या, पण माणसाच्या पेशीवर ज्या ठिकाणी पोलिओ चिकटतो ते रिसेप्टर त्यांच्यात मुद्दाम घातलेलं असतं. आत पोलिओ असला की पेशी मरायला लागतात. मग पुढे त्याचं जनुकीय वाचन होतं आणि हा विषाणू कुठल्या भागातल्या विषाणूचा भाऊबंद आहे ते कळतं. मुंबईच्या गटारात सापडलेले पोलिओचे विषाणू उत्तर प्रदेश-बिहारकडच्या साथीशी जुळायचे. आता हे वाचल्या वाचल्या ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी सांगतो, या माहितीचा उपयोग कोणाला हाकलायला झाला नाही, रेल्वे स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना डोस पाजायला झाला. मुंबईच्या गटारात मूळ पोलिओ, म्हणजे लसीतून न आलेला, शेवटचा सापडला नोव्हेंबर 2010 मध्ये आणि देशातला त्याचा शेवटचा पेशंट जानेवारी 2011 मध्ये, हावड्याला. 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. सर्टिफिकेट मिळतानाचे फोटो आले, बादलीचा नाही आला.

गटारातच का शोधायचं, पेशंट मोजले की झालं की, असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं म्हणून हे जरा सविस्तर. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंमध्ये एकालाच लुळेपणा येतो, बाकीच्यांना काहीच होत नाही नाहीतर थोडा ताप, घसा, पोट बिघडणं आणि दोन दिवसांत बरे. पण ते सगळे संडासावाटे कित्येक आठवडे व्हायरस टाकत राहतात. म्हणजे दवाखान्यात एक पोर लुळं होऊन आलं तेव्हा बाहेर साथ केव्हाची फिरून झालेली असते. दवाखान्याला तो एकच दिसतो, गटाराला सगळे दिसतात. आणि गटार आधार कार्ड मागत नाही, केसपेपर काढायला लाईन लावत नाही, रोजंदारी बुडते म्हणून टेस्ट टाळत नाही. कोरोनाच्या शेवटी शेवटी लोक घरीच किट आणून टेस्ट करायला लागले, ॲपवर कोण टाकतंय, आणि सरकारी आकडा खाली खाली येत गेला, पण फ्लश तर सगळेच करत होते.

आणि याने काय होतं, नुसतंच कळतं का? नाही. हैदराबादचं उदाहरण घ्या. मे 2016 मध्ये अंबरपेटच्या नाल्यातल्या सँपलमध्ये टाईप 2 चा पोलिओ सापडला, तोही मूळचा नव्हे, तोंडावाटे द्यायच्या लसीतल्या व्हायरसपासून बदलत गेलेला. एकही पोर आजारी नाही, एकही केस नाही. तरी जूनमध्ये हैदराबाद आणि रंगारेड्डी भागात साधारण तीन लाख मुलांना इंजेक्शनचा पोलिओ डोस दिला गेला. 2022 मध्ये लंडनला बेक्टनच्या प्लांटवर असाच लसीतून आलेला पोलिओ वारंवार सापडला आणि तिथे 1 ते 9 वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, एकही लुळा पेशंट नसताना. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ रॉकलंड काउंटीत मात्र आधी एक तरुण लुळा झाला आणि मग गटारं तपासली तर व्हायरस सगळीकडे पसरलेला. बादली आधी टाकली की नंतर टाकली, फरक एवढाच.

कोरोनात मुंबईत मे 2020 मध्येच सहा वॉर्डांतल्या उघड्या गटारांच्या सँपलमध्ये व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, सापडला होता, ते कामपण परळच्याच मंडळींचं. हैदराबादला सीसीएमबी आणि आयआयसीटी या सरकारी संशोधन संस्थांनी 2020 च्या ऑगस्टमध्ये सांडपाण्यावरून अंदाज काढला की शहरात सहा लाखांच्या वर लोकांना लागण होऊन गेलेली असावी, सरकारी आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. आपल्या पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातल्या कोरोनावर चांगलं काम केलंय. म्हणजे माणसं आहेत, लॅब आहेत, अनुभव आहे.

एक गंमत मध्येच सांगतो, कारण ती मला फार आवडली. गटारात पाणी कमीजास्त होत राहतं, पाऊस आला पातळ, सुट्टीला लोक गावाला गेले आणखी पातळ, मग व्हायरस खरंच वाढला की नुसतं पाणी कमी झालं हे ओळखायचं कसं? तर त्यासाठी मिरचीवर पडणारा एक व्हायरस मोजतात. ढोबळी मिरची, लाल तिखट, सॉस यातून तो आपल्या पोटात जातो, आपल्याला काही करत नाही आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. तो किती आहे यावरून त्या पाण्यात माणसाचा मैला किती आहे ते कळतं आणि मग बाकीच्या आकड्याला त्याने भागायचं. कोल्हापूर, नागपूरकडे हा व्हायरस मोजायला काही अडचण येणार नाही असं वाटतं.

आता पुण्याकडे येतो. जानेवारी 2025 मध्ये आमच्या या पट्ट्यात, सिंहगड रोड, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, जीबीएसचे (गुलेन बॅरे सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट निघाले आणि बघता बघता आकडा दोनशेच्या वर गेला. चांगली चालती बोलती माणसं पायातली ताकद जाऊन आयसीयूत, काही व्हेंटिलेटरवर, काही गेली. पेशंटच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया आणि नोरोव्हायरस, दोन्ही पोट बिघडवणारे, सापडले, पाण्याकडे बोट गेलं. इथेही हिशोब पोलिओसारखाच आहे, कॅम्पायलोबॅक्टरने पोट बिघडलेल्या साधारण हजारात एखाद्यालाच जीबीएस होतो, म्हणजे त्या महिन्यात या भागात किती हजार पोटं बिघडली असतील याचा विचार करा. आमच्या बिल्डिंगमध्ये वरखाली दोन-तीन घरांत जुलाब चालू होते आणि जो तो "बाहेरचं काहीतरी खाल्लं" म्हणून गोळी घेऊन गप्प. कोण कुठे नोंदवतंय? मेडिकलवाल्याला कळलं असेल फक्त.

मग सांडपाणी तपासत असते तर जीबीएस टळला असता का? छातीठोक नाही सांगता येत आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या विष्ठेतूनही येतो, चिकनच्या दुकानाचं धुतलेलं पाणी त्याच गटारात जातं, आणि शरीराबाहेर तो फार तग धरत नाही, त्यामुळे तो नुसता सापडला म्हणून भोंगा वाजवता येत नाही. पण नोरोसारखा पोटाचा व्हायरस एका भागात अचानक चढायला लागला तर निदान तिथल्या टाक्या, विहिरी, टँकर तपासायची घाई तरी करता येते. आणि हेही तितकंच खरं की पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायला कुठल्याही जिनोम सिक्वेन्सिंगची, म्हणजे जनुकीय वाचनाची, गरज नाही. नळाखाली छोटी ट्यूब धरा, ओटी नावाच्या केमिकलचे थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही, हे ग्रामपंचायतीचा शिपाईपण करतो. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वेळेवर आणि बरोबर मापाने पडली पाहिजे, हे पहिलं. ते न करता कोणी लाखांचं मशीन उद्घाटनाला मांडणार असेल तर आमच्या मित्राचं टेंडरवालं वाक्यच खरं ठरेल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ही 50 शहरांची योजना राबवताना सगळे सोपी जागा शोधणार, आणि सोपी जागा म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. गेट आहे, वॉचमन आहे, गाडी आत जाते, सावलीत उभं राहून बाटली भरता येते. पुण्यात नायडू, भैरोबा, विठ्ठलवाडी, बाणेर अशी केंद्रं आहेत. पण केंद्रात येतं कोणाचं पाणी? ज्याच्या घराला ड्रेनेजची लाईन आहे त्याचं. 2017 आणि 2021 ला पालिकेत घेतलेल्या गावांपैकी अजून कित्येक ठिकाणी सेप्टिक टँक आहेत, त्याचा ओव्हरफ्लो ओढ्यात, ओढा नदीला. जिथे जीबीएस निघाला तो भाग बहुतेक असाच. मुंबईतपण तेच, कितीतरी झोपडपट्ट्यांचे सार्वजनिक संडास लाईनला जोडलेलेच नाहीत, सरळ नाल्यात. म्हणजे जिथे रोगराई आधी शिरते तिथलं पाणी प्लांटपर्यंत पोचतच नाही आणि रिपोर्ट मात्र येणार शहराचा म्हणून. पोलिओवाल्यांना हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कळलं होतं म्हणून ते नाल्यावर जायचे. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्या जिथे रिकाम्या होतात तिथेसुद्धा सँपल घेता येईल. आणि जागा ठरवताना एसी केबिनमधला नकाशा घेऊन बसू नका, त्या वॉर्डच्या मुकादमाला, चोकअपच्या गाडीवरच्या माणसाला विचारा, कुठली लाईन कुठे मिळते आणि कुठली कागदावर मिळते पण जमिनीत मिळत नाही हे त्याला पाठ असतं. त्याला हातमोजे, बूट, हेपेटायटीसची लस, टायफॉइडची लस द्या. ही गोष्ट आधी करा, आमच्या वेळेला बूट मागितले की पुढच्या बजेटला बघू म्हणायचे.

दुसरी काळजी, हा रिपोर्ट जाणार कुठे? माझ्या अनुभवात ड्रेनेजवाले आणि आरोग्यवाले एकमेकांना वर्षातून एकदा भेटतात, पावसाळापूर्व बैठकीत, तेपण चहापुरतं. सँपल एकाने घ्यायचं, तपासायचं दुसऱ्याने, फाईल तिसऱ्याकडे, आणि साथ आल्यावर चौथ्याने सांगायचं की आम्हाला आधीच माहीत होतं. अमेरिकेत सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने 2020 च्या सप्टेंबरमध्ये सांडपाण्याच्या तपासणीची देशभर व्यवस्था चालू केली आणि आकडे वेबसाईटवर सगळ्यांना बघायला ठेवले. इथे मला तरी असा आकडा रोजच्या पेपरात कधी दिसलेला नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडेच आहे साहेब. तुम्ही रोज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरचा साठा छापता, टीएमसी आणि टक्के. हवेचा इंडेक्स छापता. सोन्याचा भाव छापता. त्याच्याच शेजारी आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी, चार ओळींची चौकट द्या: या आठवड्यात शहराच्या कुठल्या भागाच्या सांडपाण्यात फ्लू, नोरो, कोरोना, कावीळ वर गेले की खाली. महापालिका देत नसेल तर "माहिती मिळाली नाही" असं छापा. लागोपाठ चार सोमवार असं छापून आलं तर माहिती आपोआप मिळायला लागेल, मी सरकारी नोकरी केलीय, मला विचारा.

फक्त मथळा देताना जरा सांभाळून. हैदराबादच्या वेळेला "पोलिओ परत आला" छापाच्या बातम्यांनी लोक घाबरले होते आणि सरकारला खुलासा करावा लागला होता की देश पोलिओमुक्तच आहे. सापडला म्हणजे साथ आली असं नाही, तपासणी नीट चालू आहे असंही असू शकतं. आणि भागाचं नाव देताना मोठा पट्टा द्या, लाखभर वस्तीचा, बिल्डिंगपर्यंत किंवा एका वस्तीपर्यंत जाऊ नका. नाहीतर घरमालक भाडेकरू नाकारतील, कामाच्या बायकांना "तुमच्याकडे रोग आहे ना" म्हणून दारातून परत पाठवतील. कोरोनात हे आपण केलंय. मूर ज्या बारकाईने मागे गेला ती बारकाई आरोग्य खात्याच्या फाईलपुरती राहू दे.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं हे मी मान्य करतो. जून ते सप्टेंबर आपली गटारं आणि पावसाळी नाले एकमेकांत मिसळतात, सँपल म्हणजे निम्मं पावसाचं पाणी. पण कावीळ, गॅस्ट्रो, लेप्टोचा सीझनपण तोच, त्यामुळे तेव्हा बंद ठेवून चालणार नाही, उलट पावसाळ्यातला नेहमीचा आकडा काय असतो हे वर्षभर मोजल्याशिवाय कळणारच नाही. मे महिन्यात 10 होतं आणि जुलैत 4 झालं तर रोग कमी झाला की पाऊस जास्त झाला, हे सांगायला हातात मागच्या जुलैचा आकडा लागतो.

आणि म्हणूनच नाशिक. 2027 ला तिथे सिंहस्थ आहे, देशभरातून लोक येणार, महिनोन् महिने येत राहणार. घाट, रस्ते, पार्किंग, तंबू यावर रोज बातम्या असतात, सांडपाण्याच्या तपासणीबद्दल मी एक ओळ वाचलेली नाही. पर्वणीच्या दिवशी पहिली बादली टाकून काय उपयोग, तुलना कशाशी करणार? त्याआधीचा निदान एक आख्खा पावसाळा दर आठवड्याला मोजलेला पाहिजे, आणि फिरत्या संडासांच्या गाड्या जिथे खाली होतील तिथला पॉइंट आधीच ठरलेला पाहिजे. तुमच्या नाशिकच्या वार्ताहराला सांगून तिथल्या महापालिकेत एवढंच विचारून घ्या की तपोवनच्या केंद्रावर सँपल कोण घेणार, बाटली कुठल्या लॅबला जाणार आणि रिपोर्ट किती तासांत कोणाच्या टेबलावर येणार.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ड्रेनेजवाला, सिंहगड रोड, पुणे